मानेतली अरुंद धमनी आणि लंडनचं विमान

डाव्या बाजूला ७० टक्के, उजव्या बाजूला ५० च्या आत. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या माझ्या मानेतल्या दोन कॅरोटिड धमन्या किती अरुंद झाल्या आहेत, याचा हा हिशेब हातात आला, तेव्हा लेकीचं बाळंतपण जवळ येऊन ठेपलं होतं. ती इंग्लंडात रेडिंगला असते. पहिलंच बाळंतपण, सासूबाई नाहीत, त्यामुळे मी जाणार हे ठरलेलंच होतं. व्हिसाची कागदपत्रं जमवायला सुरुवात झाली होती आणि त्यातच हा रिपोर्ट आला.

मला काही त्रास होत नव्हता. बीपी आणि शुगर बारा-तेरा वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत. नेहमीच्या तपासणीला गेले असताना आमच्या फिजिशियननी छातीवर स्टेथोस्कोप लावला, मग तो उचलून मानेवर ठेवला. "श्वास रोखा जरा," म्हणाले. डावीकडे दोनदा ऐकलं, उजवीकडे एकदा. "इथे सूं सूं आवाज येतोय, डॉपलर करून घेऊ." मानेत खरखर नाही, दुखणं नाही, काही नाही. धमनी अरुंद झाली की रक्त तिथून खळखळत जातं आणि तो आवाज डॉक्टरांच्या कानाला कळतो. आवाज आला म्हणजे अडथळा मोठाच असेल असं नाही, आणि आवाज नाही म्हणून सगळं ठीक असंही नाही. म्हणून सोनोग्राफी.

डॉपलरच्या खोलीबाहेर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी, आत अंधार आणि गार जेल. मान उशीवर मागे टाकून, तोंड एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवून डॉक्टर प्रोब फिरवत होते. मशीनमधून धप् धप् आवाज येत होता. डाव्या बाजूला एका जागी त्या आवाजाची पट्टी एकदम चढली. नळाच्या तोंडावर अंगठा धरला की धार जोरात उडते, तसं अरुंद जागेतून रक्त वेगानं जातं आणि त्या वेगावरूनच अडथळा किती हे ठरवतात. माझा वेग सेकंदाला २४८ सेंटीमीटर होता. १२५ च्या वर गेला की साधारण ५० टक्क्यांपेक्षा जास्त, २३० च्या वर गेला की ७० किंवा त्याहून जास्त, असा ढोबळ आडाखा असतो. पुढे किडनीसाठी क्रिएटिनिन तपासून सीटी अँजिओग्राफी केली आणि ७० टक्क्यांवर शिक्कामोर्तब झालं.

त्या दिवसापासून घरात एकच विषय. विमानात बसायचं की नाही?

मिरजेत डॉक्टरांची वानवा नाही आणि सल्ला देणाऱ्यांची तर मुळीच नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, वर हवेचा दाब कमी असतो, नस फुटेल. यांचे एक मित्र म्हणाले, काही होत नाही हो, आमचे काका बायपासनंतर अमेरिकेला जाऊन आले. थोरल्या दीरांचं म्हणणं, आधी ऑपरेशन करून मोकळं व्हा, मग निवांत जा. सगळे आपुलकीनंच बोलत होते. पण बायपास हृदयाचा, माझी गोष्ट मानेची; आणि नस फुटण्याचा तर इथे संबंधच नव्हता. कॅरोटिडच्या आजारात धमनीच्या आतल्या अस्तरावर चरबी, चुना, पेशी यांचा थर जमतो. भीती असते ती त्या थरावर गुठळी धरण्याची, तिचा किंवा त्या थराचा कण सुटून मेंदूत जाण्याची. क्वचित अडथळाच इतका असतो की पलीकडे रक्त कमी पडतं. या दोन गोष्टी नीट वेगळ्या कळल्या तेव्हा कुठे माझ्या मनातला गोंधळ निवला. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. कारण कळल्याशिवाय मला नुसतं 'जा' किंवा 'जाऊ नका' पटत नाही.

मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. मी प्रश्नांची यादी लिहून नेली होती आणि पहिला प्रश्न विमानाचाच होता. त्यांनी तो बाजूला ठेवला. "विमानाचं नंतर बघू. आधी मला सांगा, गेल्या सहा महिन्यांत एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं झालं का? काही मिनिटांसाठी सुद्धा?" नाही. "हातातून कप, लाटणं, पेन गळून पडलं?" नाही. "बोलताना जीभ जड झाली, शब्द सापडेना, समोरच्याचं बोलणं कळेना? तोंड एका बाजूला ओढलं गेलं? चपला पायातून निसटल्या आणि कळलंच नाही?" प्रत्येक प्रश्नाला ते थांबत होते आणि माझ्याकडून झालं की यांच्याकडे बघत होते. अशा गोष्टी पेशंटपेक्षा घरच्यांच्या आधी लक्षात येतात, म्हणाले. मी चक्कर येते असं सांगितलं, तर त्यांनी ती कशी येते हे खोदून विचारलं. अंथरुणावर कूस बदलली की खोली फिरते, ती कानाची चक्कर. नुसत्या चक्करचं खापर सहसा पुढच्या या धमन्यांवर फोडता येत नाही. आमच्या भागात चक्कर आली की लोक लगेच 'मानेची नस दबली' म्हणतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आणखी एक प्रश्न त्यांनी विचारला, तो मला फार आवडला. "मिश्री लावता का?" पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना हे सुचलं असतं की नाही कोण जाणे. मी नाही लावत; माझी आई लावायची, आजीही लावायची. आमच्याकडच्या कितीतरी बायका सिगारेट म्हटलं की नाही म्हणतात आणि तंबाखूची मिश्री मात्र दिवसातून चार वेळा दातांना लावतात. रक्तवाहिन्यांच्या दृष्टीनं तोही तंबाखूच.

सहा महिने का, हे त्यांनी समजावलं. ज्यांना लक्षणं आली आहेत आणि ज्यांना कधीच आली नाहीत, त्यांचा ७० टक्क्यांचा आकडा सारखा असला तरी धोका सारखा नसतो. १९९१ साली उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, तिला नॅसेट म्हणतात. त्यात धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेले आणि मेंदूचा झटका, म्हणजे स्ट्रोक, किंवा काही मिनिटांचा तात्पुरता झटका येऊन गेलेले रुग्ण होते. फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी २६ टक्के लोकांना दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक झाला. धमनी साफ करायची शस्त्रक्रिया केलेल्यांत ते प्रमाण ९ टक्के होतं. याउलट ज्यांना कधीच लक्षण आलेलं नाही, त्यांचा धोका आजच्या औषधांवर वर्षाला साधारण १ ते २ टक्के धरतात. शिवाय लक्षणानंतरचे पहिले काही दिवस आणि आठवडे सगळ्यात नाजूक. म्हणून लक्षण आलेल्या माणसाची शस्त्रक्रिया शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करावी असं म्हणतात. "तुम्हाला लक्षण आलं असतं तर मी विमानाची चर्चाच केली नसती," डॉक्टर म्हणाले. "आधी धमनीचं बघितलं असतं. तिकीट तुमच्या तब्येतीच्या तारखेनं काढायचं. तब्येत तिकिटाच्या तारखेला बांधायची नाही."

माझी धमनी गप्प होती. आणि मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे: अडथळा किती टक्के, याच्याही आधी, तो अडथळा काही बोलला आहे का?

मग विमान. मी शाळेत वातावरणाचा दाब शिकवला होता, तरी हे आकडे मला नवे होते. विमान ३५ ते ४० हजार फुटांवरून जातं, पण आतली हवा दाबून भरलेली असते. आत साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा दाब असतो. ८ हजार फूट म्हणजे २४३८ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, उटी साधारण २२४०. म्हणजे विमानात बसलेला माणूस काही तास उटीच्याही थोडं वर जाऊन बसतो असं समजायला हरकत नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण दाब कमी असल्यामुळे रक्तात तो जरा कमी मिसळतो. निरोगी माणसाचंही ऑक्सिजनचं प्रमाण ९७-९८ वरून ९० ते ९४ पर्यंत उतरतं. मेंदू त्यावर उपाय करतो: आपल्या रक्तवाहिन्या रुंद करतो आणि जास्त रक्त ओढून घेतो.

इथेच अरुंद धमनीचा प्रश्न येतो. पलीकडच्या रक्तवाहिन्या आधीच कमी रक्तावर भागवायला पूर्ण रुंद झालेल्या असतील, तर आणखी रुंद व्हायला जागा उरत नाही. पण मेंदूला रक्त चार वाटांनी येतं. पुढून दोन कॅरोटिड, मागून मणक्यालगत दोन व्हर्टिब्रल, आणि मेंदूच्या तळाशी या सगळ्यांना जोडणारं एक वर्तुळ असतं. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. हे वर्तुळ सगळ्यांचं पूर्ण नसतं. माझ्या सीटी अँजिओग्राफीत ते पूर्ण दिसत होतं, उजवी कॅरोटिड बऱ्यापैकी मोकळी होती, मागच्या दोन्ही धमन्या चांगल्या होत्या. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक वाट दाखवली. एक बाजू पूर्ण बंद आणि दुसरीही खूप अरुंद, अशी स्थिती असती किंवा उभं राहिल्यावर झटक्यासारखी लक्षणं येत असती, तर आणखी तपासण्या, विमानात ऑक्सिजनची सोय, कदाचित आधी शस्त्रक्रिया, असा वेगळा विचार करावा लागला असता.

"उंचीपेक्षा मला तुमच्या बीपीची काळजी जास्त," ते म्हणाले. हे मला सर्वस्वी अनपेक्षित होतं. प्रवासात माणूस पाणी कमी पितो, कारण शौचालयात जायला नको असतं. विमानातली हवा फार कोरडी, आर्द्रता बहुधा १० ते २० टक्के. गोळ्यांच्या वेळा बदलतात. कुणी विसरतो, कुणी चुकून दोनदा घेतो. मग तासन्‌तास बसून एकदम उठलं की बीपी पडतं, आणि अरुंद धमनीच्या पलीकडे बीपी पडणं परवडत नाही. उलट बाजूनं, धावपळ, जड बॅगा, दगदग यांनी बीपी चढतं, तेही नको. बीपी कमी करायचं म्हणून भरमसाट कमी करायचं नाही, हेही त्यांनी बजावलं.

त्यांनी ईसीजी काढला, नाडी अनियमित नाही ना ते बघायला. गुठळी हृदयातूनही येऊ शकते आणि तिचं औषध वेगळं असतं. शुगरची तीन महिन्यांची सरासरी तपासली. गुठळी धरू नये म्हणून ॲस्पिरिन ७५ दिली, कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन वाढवून ४० केली, बीपीची टेल्मिसार्टन होती तीच ठेवली. निघायच्या आधी काही आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ बीपी लिहायला सांगितलं. यांनी त्यासाठी एक जुनी दोनशेपानी वही काढली आणि रेघा मारून रकाने आखले. शस्त्रक्रियेबद्दलही मोकळेपणानं बोललो. रक्तवाहिन्यांच्या सर्जनांना दाखवलं. लक्षणं नसताना आत्ता घाई नको, औषधं नीट घ्या, सहा महिन्यांनी परत डॉपलर करू, असं दोघांचं एकमत झालं.

पायमोज्यांचं मात्र सांगायलाच हवं. लांबच्या प्रवासाला घट्ट मोजे घाला असं सगळेच सांगतात. चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका दुपटीच्या आसपास जातो, जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासातही ते आलं आहे. एकूण धोका तरीही थोडाच. ती गुठळी सहसा फुप्फुसात जाते, मेंदूत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. पण ज्याच्या मानेतल्या धमन्यांत थर आहे, त्याच्या पायातल्या धमन्यांतही असू शकतो, आणि पायाचं रक्त आधीच कमी असेल तर घट्ट मोज्यांनी उलट नुकसान होतं. डॉक्टरांनी माझ्या दोन्ही पावलांवरची नाडी बोटांनी चाचपली, चालताना पोटऱ्या भरून येतात का विचारलं, आणि मगच गुडघ्याखालचे हलके मोजे लिहून दिले. दुकानातून सरसकट कुणीही आणून घालू नयेत.

मानेबद्दल त्यांची सक्त ताकीद होती. मान दाबून घ्यायची नाही, कुणाकडून मोडून घ्यायची नाही. विमानतळावर मसाजच्या खुर्च्या असतात, त्यात बसायचं नाही. गळ्याभोवती घट्ट काही नको. प्रवासाची ती उशी चालेल, पण सैल. धमनीच्या फाट्यापाशीच बीपीची नोंद घेणारी जागा असते. तिच्यावर दाब पडला की काहींची नाडी मंदावते आणि शुद्ध हरपते. घरातल्या पुरुषांना मी हे आवर्जून सांगितलं, कारण आमच्याकडे दाढी-कटिंगनंतर न्हाव्याकडून कडकड मान मोडून घेण्यात अजून मोठा आनंद मानतात. त्यानं निरोगी माणसाच्याही धमनीचं अस्तर फाटू शकतं.

कागदपत्रांत दोन ठिकाणी घोडं अडलं. विमान कंपनीचा एक वैद्यकीय फॉर्म असतो, त्याला मेडिफ म्हणतात. हल्लीच झटका, शस्त्रक्रिया, हॉस्पिटलमध्ये भरती असं काही झालं असेल किंवा ऑक्सिजन लागणार असेल, तर तो डॉक्टरांकडून भरून आधी मंजूर करून घ्यावा लागतो. आमच्या कंपनीनं विचारल्यावर सांगितलं की लक्षणं नसलेल्या, स्थिर आजाराला त्याची गरज नाही, पण पत्र जवळ ठेवा. कंपनीगणिक नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधीच विचारावं. डॉक्टरांनी लेटरहेडवर इंग्रजीत पत्र दिलं: निदान, दोन्ही बाजूंचे टक्के, शेवटच्या तपासणीची तारीख, लक्षणं नाहीत, नेहमीचं बीपी किती, प्रवासाला हरकत नाही. औषधांची नावं मी ब्रँडची न घेता मूळ रसायनाची लिहून घेतली. आपल्या गोळ्यांची नावं तिकडच्या डॉक्टरांना कळणार नाहीत. 'टेल्मिसार्टन ४०' मात्र कुठेही कळतं.

दुसरं घोडं विम्याचं. एजंट म्हणाले, मॅडम, मानेचं कशाला लिहिताय, हप्ता वाढेल, कदाचित नाकारतीलही. मी लिहिलं. इंग्लंडात परदेशी पाहुण्याला तातडीच्या विभागात उपचार मिळतात, पण भरती करून घेतलं की खर्च सरकारी दराच्या १५० टक्के आकारतात. अशा वेळी लपवलेल्या आजारावर विमा कंपनी बोट ठेवणारच. पहिल्या कंपनीनं खरंच नाकारलं. दुसरीनं जास्त हप्ता घेऊन, पूर्वीच्या आजारातून उद्भवणाऱ्या जिवावरच्या प्रसंगाला ठरावीक रकमेपर्यंत संरक्षण दिलं. ते कलम मी स्वतः तीनदा वाचलं. हप्ता बराच गेला, पण त्या पैशाची मला हळहळ नाही.

लेकीनं तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघितला. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांत आतला दाब ६ हजार फुटांच्या उंचीइतका ठेवतात, जुन्यांत ८ हजारांपर्यंत जातो. पर्याय आहे तर घ्यावा, एवढंच. ७८७ चं दिवसाचं उड्डाण मिळालं. आतल्या बाजूची, वाटेलगतची जागा. व्हीलचेअरची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवली. मला ती नको होती. मी रोज सकाळी स्टेडियमला चार फेऱ्या मारते. पण डॉक्टरांचं म्हणणं असं की इमिग्रेशनच्या रांगेत गोळी घेऊन, न खातापिता दीड तास उभं राहणं हाच प्रवासातला सगळ्यात वाईट भाग असतो. मग घेतली.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला गेलो आणि ठाण्याला भावाकडे एक दिवस काढला. रात्रीच्या गाडीतून उतरून थेट विमानात चढायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. भावजयीनं मऊ भात आणि मेतकूट वाढलं, दुपारी झोप काढली. गोळ्यांचे दोन संच केले: एक माझ्या पर्समध्ये, एक यांच्या खांद्यावरच्या पिशवीत, दोन्ही मूळ पाकिटांत, चिठ्ठीसकट. चढवलेल्या सामानात एकही गोळी ठेवली नाही.

विमानात शिरताना यांनी दाराशीच हवाईसुंदरीला हळू आवाजात सांगितलं की हिला अमुक आजार आहे, सध्या ठीक आहे, पत्र जवळ आहे. तिनं सीट नंबर लिहून घेतला. पुढे एखादी गोष्ट समजावून सांगण्यात वेळ जाऊ नये म्हणून हे करायचं.

ऑक्सिमीटर बरोबर होता. विमानतळावर ९८ दाखवत होता. उड्डाणानंतर काही वेळानं ९४, पुढे बहुतेक ९३-९४. बोट गार असलं की तो भलताच आकडा दाखवतो, म्हणून आधी हात शालीत गुंडाळून गरम करायचे. दर तासाला पाणी, चहा एकच. उठायच्या आधी पावलं वर-खाली, मग सीटच्या कडेला थोडं थांबून, मग उभं. यांनी त्यासाठी मोबाइलवर गजर लावला होता.

अर्ध्याहून जास्त प्रवास झाल्यावर माझा डोळा लागला आणि जाग आली ती उजव्या हाताला बधिरपणा जाणवून. माझा अडथळा डावीकडचा, म्हणजे लक्षण उजव्या अंगाला यायचं. पोटात गोळाच आला. यांना कोपरानं ढोसलं. आम्ही घरी सराव केला होता तसं यांनी माझ्यासमोर वाकून म्हटलं, "हस. दात दाखव." हसले. "दोन्ही हात वर, डोळे मिट, तसेच धर." धरले, एकही खाली आला नाही. "आता बोल." आम्ही ठरवलेलं वाक्य होतं लहानपणचं, कच्चा पापड पक्का पापड, ते मी तीनदा म्हटलं, एकदाही अडखळले नाही. तोवर यांनी घड्याळात वेळ बघून कागदावर लिहिली होती आणि हवाईसुंदरीला बोलावलं होतं. तिनं पेटीतून बीपीचं यंत्र आणलं, बीपी नेहमीइतकंच होतं. मी बोटं तपासली तर बधिरपणा फक्त करंगळी आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटात होता, आणि कोपरापासून मुंग्या येत होत्या. झोपेत कोपर सीटच्या दांड्यावर दाबलं गेलं होतं. कोपराच्या मागच्या नसेचा इलाका नेमका तेवढाच. थोड्या वेळात मुंग्या ओसरल्या. तरी तिनं पुढे दोन वेळा येऊन हसायला लावलं, आणि गरज पडली तर जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलायची सोय आहे, हे सांगितलं. त्या मुलीचं नाव मी विचारलं नाही, पण तिच्या शांतपणाचं मला अजून अप्रूप आहे.

खरं लक्षण असतं तर काय, हेही आम्ही विचारून ठेवलं होतं. शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ लिहायची, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आडवं झोपवायचं, तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही, गिळता येत नसेल तर ठसका लागतो. आणि जादा ॲस्पिरिन द्यायची नाही. स्ट्रोक गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि विमानात सीटी स्कॅन नसतो. छातीत दुखलं की ॲस्पिरिन चघळायची, हे लोकांना माहीत असतं. तोच उपाय इथे कुणी करायला जाऊ नये.

हीथ्रोला उतरल्यावर सगळं सुरळीत झालं. गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांनी सोपं करून दिलं होतं: निघायच्या दिवशी भारतातल्या सकाळी गोळी, दुसऱ्या दिवशी तिकडच्या सकाळी. उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, तेवढा उशीर चालतो. मधे जास्तीची गोळी घ्यायची नाही. नातीचा जन्म मी तिथे असतानाच झाला. परतीचा प्रवास याच शिस्तीत केला आणि आल्यावर डॉपलर केलं. वेग सेकंदाला २४४, म्हणजे होतं तिथेच.

हे सगळं झाल्यापासून ओळखीपाळखीतले लोक फोन करतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे जा किंवा जाऊ नका असं कुणालाच सांगत नाही. पण सहा महिन्यांतल्या लक्षणांचे ते प्रश्न मात्र एकेक करून विचारते. गेल्या दिवाळीआधी माझ्या मामेबहिणीच्या यजमानांचा फोन आला. मुलाकडे मस्कतला निघाले होते, मानेत ६० टक्के ब्लॉकेज आहे, काय काय न्यावं, असं विचारत होते. मी डोळ्याचं विचारलं. थोडं थांबून म्हणाले, "हो, परवा सकाळी पेपर वाचताना डाव्या डोळ्यापुढे वरून पडदा आला. पाच मिनिटांत गेला. चष्म्याचं काहीतरी असेल." अडथळाही डावीकडेच होता. मी बॅगेचं बोलणं तिथेच थांबवलं आणि बहिणीला फोन द्यायला सांगितलं. तासाभरात ते कोल्हापुरात हॉस्पिटलमध्ये होते. तिकिटाचे पैसे बुडाले. धमनी साफ करायची शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात झाली. पुढे बीपी स्थिर झाल्यावर आणि तपासणी नीट आल्यावर सर्जननी पत्र दिलं, तेव्हा ते मस्कतला गेले.